माकडाला चणे नकोत, झाड हवे

ठाण्याला लागून येऊरचा डोंगर आहे. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हे रान सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात बिबट्या आहे, सांबर आहे, वानर आहे आणि माकडही आहे.

वानर वेगळे, माकड वेगळे. वानराचे तोंड काळे, शेपटी लांबलचक. ते मुख्यतः पाला खाते. माकड त्याहून लहान. आपल्याकडच्या माकडाच्या डोक्यावर केसांची टोपीच असते. हे टोपीवाले माकड भारताच्या दक्षिण भागातच सापडते. जगात दुसरीकडे त्याचे रान नाही.

माकडे टोळीने राहतात. माद्या जन्मभर आपल्याच टोळीत असतात. नर मोठे झाले की दुसरी टोळी गाठतात. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते आईच्या पोटाला घट्ट धरून हिंडते.

माकडाच्या गालांत पिशव्या असतात. फळे घाईघाईने तीत भरायची आणि निवांत जागी बसून खायची, ही त्याची रीत. बिया थुंकल्या की कुठे जांभूळ उगवते, कुठे करवंद. रानाचा हा बिनपगारी माळीच!

आपण म्हणतो, "माकडांना काय तोटा? रस्त्यावर ढिगाने दिसतात!" पण रस्त्यावर दिसतात, म्हणून पुष्कळ आहेत असे नव्हे. म्हैसूरकडे रस्ते रुंद करताना कडेचे जुने वड तुटले. तिकडे माकडे फार घटली, असे अभ्यासकांना आढळले. आता जगाच्या यादीत हे माकड धोक्यातले म्हणून नोंदले आहे.

शनिवारी मारुतीचे नाव घेऊन आपण चणे, केळी टाकतो. भाव चांगला, पण परिणाम वाईट. माकड रान सोडून रस्त्यावर बसते. गाडीखाली सापडते. माणसाची भीती मोडते, मग हातातली पिशवी ओढते, चावते. पुढे तेच आपल्या भाजीच्या मळ्यात शिरते. नुकसान गरीब शेतकऱ्याचे होते, आणि मग माकडालाच दगड बसतात.

दूर दक्षिण अमेरिकेत ब्राझील देश आहे. तिथे सोनेरी आयाळीचे एक चिमुकले माकड आहे. वजन जेमतेम अर्धा-पाऊण किलो. रान तुटले, माणसांनी पकडून विकले, आणि १९७० च्या सुमारास ती अवघी २०० च्या आसपास उरली. मग लोक जागे झाले. प्राणिसंग्रहालयात वाढलेली माकडे १९८४ पासून रानात सोडली. शेतकऱ्यांनी बांधाबांधाने झाडे लावून तुटलेली राने जोडली. मोठ्या रस्त्यावर झाडांचा पूल केला. २०२३ साली ती सुमारे ४८०० भरली.

येऊरच्या रानालाही घोडबंदरच्या रस्त्याने पलीकडच्या नागलाच्या रानापासून तोडले आहे. तेव्हा आपण काय करावे?

१. माकडाला खाऊ घालू नये. राष्ट्रीय उद्यानात तशी मनाईच आहे.
२. प्रसाद माणसांत वाटावा. उरलेले अन्न उघड्यावर टाकू नये.
३. बांधावर, ओढ्याकाठी उंबर, वड, जांभूळ लावावे.
४. पिकाचे नुकसान झाले तर वनरक्षकाला कळवावे. भरपाईची चौकशी करावी. विष किंवा फास लावू नये. तो गुन्हा आहे.

ब्राझीलच्या शेतकऱ्याने जे केले, ते ठाणे-कल्याणच्या शेतकऱ्याला का जमू नये?

प्रश्न
१. वानर आणि माकड कसे ओळखाल?
२. चणे टाकल्याने माकडाचे आणि आपले काय नुकसान होते?
३. तुमच्या गावात फळांची जुनी झाडे किती उरली आहेत? मोजून लिहा.