मतपत्रिकेवरचे न्यायमूर्ती

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात मतदार आहे. तिच्या मतपत्रिकेवर अपील न्यायालयाच्या न्यायमूर्तींची नावं होती. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. ही कसली निवडणूक?

उत्तर : हा नेमणुकीवरचा कौल आहे. तिथे अपील न्यायमूर्तींना गव्हर्नर नेमतात आणि तीन सदस्यांचा आयोग त्या नेमणुकीला मान्यता देतो. पुढच्या गव्हर्नर-निवडणुकीत त्यांना मतदारांसमोर यावं लागतं. पूर्ण मुदत १२ वर्षांची. ‘हो’ला बहुमत मिळालं नाही, तर खुर्ची जाते. असं क्वचितच घडतं. पण १९८६ मध्ये फाशीच्या शिक्षेवरून पेटलेल्या वादात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती रोझ बर्ड यांच्यासह तिघांना मतदारांनी घरी बसवलं. तेव्हा मुलीला सांगा, शिक्का मारण्याआधी त्यांचे निकाल जरूर चाळ.