मेंदूतील निखळणारे दुवे

मेंदूतील निरनिराळी केंद्रे मज्जातंतूंनी परस्परांशी जोडलेली असतात. या तंतूंवरील ‘मायेलिन’ नावाच्या स्निग्ध आवरणामुळे संदेश वेगाने पोहोचतात. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या विकारात शरीराची संरक्षक यंत्रणाच या आवरणावर आघात करते. आवरण झिजले की संदेश मंदावतात. तंतूच तुटला तर दुवा कायमचा नष्ट होतो. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतुपट्ट्यालाही बाधा पोहोचते. परिणामी दृष्टी, तोल, स्मरण व विचारांची गती यांत उणेपणा येतो. अतीव थकवा मात्र बाहेरून दिसत नाही. तो आळस समजला जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या विकाराचा समावेश आहे. अशा रुग्णास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविण्यास ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी साहाय्य करणे अगत्याचे आहे.