सामायिक फोल्डर उघडत नाही तेव्हा

एकाच कार्यालयातील दोन संगणक एकाच जाळ्यात जोडलेले असतात. एकावर विंडोज ही कार्यप्रणाली असते, दुसऱ्यावर लिनक्स. पहिल्यावरील फोल्डर सर्वांसाठी खुले केलेले असते. तरीही दुसऱ्यावरून ते उघडू जाता नकार मिळतो. अशा वेळी प्रथम दोष दिला जातो तो बिचाऱ्या तारेला. वास्तविक अडचण पुष्कळदा या दोन यंत्रांच्या परस्परांशी बोलण्याच्या रीतीत असते.

या रीतीस ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, संक्षेपाने ‘एसएमबी’, असे म्हणतात. ती आयबीएममध्ये जन्मली व मायक्रोसॉफ्टने वाढविली. लिनक्ससारख्या प्रणालींना ती बोलता यावी यासाठी ‘सांबा’ ही आज्ञावली आहे. ऑस्ट्रेलियात संशोधक विद्यार्थी असलेल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये तिचा आरंभ केला.

तपासणी करताना पडद्यावरील संदेश नीट वाचावा. ‘मार्ग सापडला नाही’ आणि ‘परवानगी नाही’ या दोन अगदी भिन्न तक्रारी होत. मार्ग सापडत नसेल तर यंत्राच्या नावाऐवजी त्याचा अंकांतील पत्ता देऊन पाहावे. त्याने फोल्डर उघडले, तर दोष नावाचा शोध घेणाऱ्या व्यवस्थेत आहे. पत्त्यानेही न उघडल्यास फायरवॉलने ४४५ क्रमांकाचे पोर्ट अडविले आहे काय, हे पाहावे. विंडोजमध्ये जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले असल्यास बहुधा असेच घडते.

परवानगीची तक्रार अधिक फसवी असते. फोल्डर वाटून देताना दिलेली परवानगी व डिस्कवरील फाइलची परवानगी या दोन निरनिराळ्या असून, त्यांतील जी कडक तीच चालते. शिवाय सांबा आपल्या वापरकर्त्यांच्या परवलीच्या शब्दांची नोंद सामान्यतः स्वतंत्र ठेवते. लिनक्सवर खाते आहे म्हणून सांबात ते असतेच असे नाही.

राहिला प्रश्न आवृत्तीचा, आणि तोच सर्वांत जोखमीचा. जुना स्कॅनर केवळ एसएमबीची पहिली आवृत्ती जाणतो. नवी विंडोज तिला प्रतिसाद देत नाही. ती पुन्हा सुरू केली की काम तत्काळ चालू लागते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. परंतु मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू याच जुन्या आवृत्तीतील दोषाचा लाभ घेऊन जगभर पसरला. ब्रिटनमधील रुग्णालयांना त्या वेळी नियोजित शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तो दोष दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक ठिकाणी ती बसविलीच गेली नव्हती. पुढे सांबानेही २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ही जुनी रीत मूळ मांडणीत बंद ठेवली. तेव्हा स्कॅनरची आज्ञावली अद्ययावत करणे, अथवा ते शक्य नसल्यास त्याला उर्वरित जाळ्यापासून वेगळे ठेवणे, हेच इष्ट होय.

फोल्डर उघडूनही एखादी फाइल दिसेनाशी होते, तीमागे भुताटकी नसते. लिनक्स रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे वेगळी मानते, विंडोज सामान्यतः मानीत नाही. केवळ तेवढ्याच फरकाची दोन नावे असतील, तर त्यांतील एक बदलावे.