सर्व्हर सुरू करण्यापूर्वी
समजा, बंगळूरच्या शिवाजीनगरातील रसेल मार्केटमध्ये एका फळविक्रेत्याच्या खात्यात रक्कम जमा झाली. परंतु तशी सूचना पोहोचण्यापूर्वीच सर्व्हर बंद पडला. तो पुन्हा सुरू झाल्यावर सूचना शिल्लक राहील काय?

याचे उत्तर पूर्वतयारीत असते. सूचना रांगेत सांभाळणाऱ्या सर्व्हरला मेसेज ब्रोकर म्हणतात. २००७ साली आलेल्या रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्ये क्लासिक प्रकारची रांग टिकाऊ आणि संदेशही कायमस्वरूपी, असे दोन्ही ठरवावे लागते. एक जरी राहिले तरी संदेश नाहीसा होतो. सुरू होताना सर्व्हर जी फाइल वाचतो, तीत डिस्कवरील मोकळ्या जागेची मर्यादाही तपासावी. मूळ मर्यादा ५० मेगाबाइट असते. जागा त्याहून कमी झाल्यास नवे संदेश स्वीकारले जात नाहीत. प्रत्यक्ष कामकाजासाठी ती वाढविणे इष्ट.

रोखपाल रोकड मोजल्यावरच शिक्का मारतो. तद्वतच, संदेश डिस्कवर लिहिल्याची पोच ब्रोकरकडून मिळाल्यावरच तो सुरक्षित मानावा.