बुरशी पानात शिरते कशी?

गोव्यातील खाजणांत काय किंवा बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात काय, जेथे जेथे भात पिकतो तेथील शेतकऱ्यास 'करपा' हा शब्द चांगलाच परिचित असतो. काल-परवापर्यंत हिरवेगार डोलणाऱ्या शेतात पानोपानी डाग उमटू लागतात. हे डाग दोन्ही टोकांस निमुळते, मध्ये राखी व कडेला तपकिरी असतात. हाच रोग पुढे लोंबीच्या मानेवर आला, तर मान काळवंडून मोडते आणि दाणे पोचट राहतात. वर्षाच्या श्रमाचे चीज होण्याच्या सुमारासच घरात येणारे धान्य नाहीसे होते.

हा रोग पायरिक्युलेरिया ओरायझी नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी पानाच्या आत वाढते, एवढे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. परंतु ती आत शिरते कशी, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पान म्हणजे काही उघडे घर नव्हे. त्याच्यावर मेणाचा थर असतो, त्याखाली क्यूटिन नावाच्या चिवट द्रव्याचे आवरण असते आणि त्याखाली पेशींच्या भक्कम भिंती असतात. भाताच्या पानात तर वाळूत असते तसली सिलिकाही साठलेली असते. उलटपक्षी बुरशीस दात नाहीत, नखे नाहीत, स्नायू नाहीत. मग हा तट ती फोडते तरी कशी?

रोगकारक बुरश्यांच्या प्रवेशाचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग जखमेचा. संत्र्यावर निळसर बुरशी येते, ती बहुधा साल खरचटलेल्या जागेतून आत जाते. दुसरा मार्ग पर्णरंध्रांचा. वनस्पतीच्या श्वसनासाठी पानावर जी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून गव्हावरील तांबेऱ्याची बुरशी आत उतरते. पण डोळे नसताना तिला हे छिद्र सापडते कसे? घेवड्यावरील तांबेऱ्याच्या बाबतीत १९८७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधले. त्यांनी गुळगुळीत पृष्ठभागावर निरनिराळ्या उंचीचे बारीक उंचवटे तयार करून त्यांवर बुरशीचे तंतू वाढविले. मिलिमीटरच्या दोनहजाराव्या भागाएवढा उंचवटा लागताच तंतू थांबले आणि प्रवेशाची तयारी करू लागले. पर्णरंध्राच्या ओठांचा उंचवटा जवळजवळ तेवढाच असतो. आंधळा मनुष्य चाचपडत दाराचा उंबरठा ओळखतो, तसाच हा प्रकार होय.

तिसरा मार्ग मात्र सरळ तट फोडण्याचा आहे. करप्याची बुरशी हाच मार्ग पत्करते.

तिचा बीजाणू तीन पेशींचा व नासपतीच्या आकाराचा असतो. वाऱ्याने तो पानावर येऊन पडतो. पान दवाने किंवा पावसाने ओले झाले की बीजाणूच्या टोकातून चिकट द्रव्य पाझरते व तो पानास घट्ट चिकटतो. सुमारे दोन तासांत त्यातून एक तंतू बाहेर पडतो आणि काही तासांतच त्या तंतूच्या टोकास घुमटासारखी एक गाठ तयार होते. शास्त्रज्ञ तिला अॅप्रेसोरियम म्हणतात. बीजाणूतील सारा अन्नसाठा या गाठीत ओतला जातो आणि मागे राहिलेला बीजाणू मरून चिपाडासारखा होतो. पानातून अन्नाचा एक कणही अद्याप मिळालेला नसतो. जवळचे सर्व भांडवल बुरशीने या एकाच डावावर लावलेले असते.

आता खरा चमत्कार पाहा. वाळलेली मनुका पाण्यात टाकली असता ती फुगते, हा परासरणाचा प्रयोग आपण सर्वांनी वर्गात केला आहे. बुरशीची गाठ हेच तत्त्व वापरते. तिच्या आत ग्लिसरीन मोठ्या प्रमाणावर साठते. भिंतीच्या आतून मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा थर बसतो. या थरातून पाणी आत येऊ शकते, पण ग्लिसरीन बाहेर जाऊ शकत नाही. साहजिकच दवाचे पाणी आत ओढले जाते व दाब वाढत जातो. १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड हॉवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दाब अजमावला. त्यांनी या गाठी अधिकाधिक संपृक्त द्रावणांत ठेवल्या आणि कोणत्या द्रावणात पाणी बाहेर खेचले जाऊन गाठ चेपते, ते पाहिले. त्यावरून आतला दाब सुमारे ८० वातावरणांइतका निघाला. मोटारीच्या टायरमधील दाबाच्या हा जवळजवळ चाळीसपट आहे. समुद्रात ८०० मीटर खोल गेल्यास जो दाब सोसावा लागेल, तेवढा हा होय!

गाठीच्या तळाशी एका लहान वर्तुळात मेलॅनिन नसते. साऱ्या दाबाचा जोर तेथे एकवटतो आणि तेथून मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतका बारीक खिळा पानात घुसतो. हे काम केवळ पाचक रसांचे नाही, याचा पुरावा हॉवर्ड यांच्याच प्रयोगांत मिळाला. जे मायलर नावाचे प्लॅस्टिक बुरशीस पचविता येत नाही, त्याचा पातळ पापुद्राही या खिळ्याने भेदला. मेलॅनिन तयार करू न शकणारे बुरशीचे फिके वाण मात्र धड पानात शिरू शकत नाहीत. परंतु पानास आधीच ओरखडा असेल, तर तेच वाण आत शिरून रोग उत्पन्न करतात. तेव्हा त्यांची रोगशक्ती गेलेली नसते. दार फोडण्याचे बळ तेवढे गेलेले असते.

आत शिरल्यावर बुरशी पेशीपेशींना जोडणाऱ्या मूळच्याच सूक्ष्म वाटांनी पसरते. चार-पाच दिवसांनी डाग दिसतो, आणि एकेका डागातून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर निघतात. याच बुरशीचा गव्हावर पडणारा एक वाण १९८५ साली ब्राझीलमध्ये आढळला. २०१६ साली तो बांगलादेशात पोहोचला आणि तेथील सुमारे १५,००० हेक्टर गव्हास त्याची बाधा झाली. आपल्या शेजारच्या देशापर्यंत आलेले हे संकट आहे, हे आपण ध्यानी ठेवले पाहिजे.

शत्रूच्या बळाचे मर्म कळले की त्याचे दुबळेपणही कळते. डाग दिसतो तेव्हा तट केव्हाच फुटलेला असतो. म्हणून खरा बंदोबस्त त्याआधीच करावयास हवा. ट्रायसायक्लाझोल हे औषध बुरशीस थेट मारीत नाही. ते मेलॅनिनची घडण अडविते. त्यामुळे गाठीत दाब साचत नाही व बीजाणूचा डाव फुकट जातो. सिलिका भरपूर मिळालेल्या भातास करपा कमी होतो, तर नत्रखत प्रमाणाबाहेर दिलेले लुसलुशीत पीक त्यास लवकर बळी पडते. म्हणून रोगास दाद न देणाऱ्या जातीचे निरोगी बियाणे निवडणे, खताचा मोह आवरणे आणि दवाच्या दिवसांत शेतावर लक्ष ठेवणे, या साध्या गोष्टींचे मोल फार मोठे आहे.

विद्यार्थी मित्रहो, परासरणाचा धडा परीक्षेपुरता पाठ करून आपण विसरून जातो. त्याच नियमाच्या बळावर डोळ्यांस न दिसणारी एक गाठ माणसाच्या मुखातील घास हिरावून घेते, आणि तोच नियम नीट समजून घेतला म्हणून तो घास वाचविण्याचा मार्गही माणसास सापडतो. पुढच्या वेळी पाण्यात मनुका फुगताना पाहाल, तेव्हा दवाने भिजलेल्या भाताच्या पानाची आठवण अवश्य ठेवा.