उसात मका घ्यावा का?

सभासद बंधूंनो, मका मोठा गुणाचा: भाकरी, लाह्या, वैरण, कोंबडीखाद्य, स्टार्च आणि आता इथेनॉलसुद्धा. म्हणून लागणीच्या सरीत मका टोकावा का, असे पुष्कळजण विचारतात. आमचे सांगणे, दाण्यासाठी टोकू नये. मका खादाड, नत्र ओढतो, उंच वाढून सावली धरतो. ऐन फुटव्याच्या वेळी ऊस दबला, की मागाहून कितीही खत घाला, गेलेले फुटवे परत येत नाहीत. शिवाय २०१८ साली देशात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावर पोसते नि उसावरही जाते. सरीत हंगाम पाहून कांदा, भुईमूग किंवा हरभरा घ्यावा. मका वेगळ्या तुकड्यात करावा. दाणा चिकात आला, की तोडून मुरघास घालावा. उन्हाळ्यात दुभत्या जनावरांची सोय होते, उसाचे वाढेही वाचते.