जनावरांच्या पोटातील तार-खिळा : सोनोग्राफीने वेळीच निदान

गाय-म्हैस चारा निवडून खात नाही, अर्धवट चावून गिळते. तासगाव, मिरज भागात द्राक्षमांडवाच्या तारांचे तुकडे, तर कऱ्हाड, फलटणकडे बांधकामाचे खिळे वैरणीतून पोटात जातात. जड वस्तू जाळीपोटात साठतात. या पोटापुढे छातीचा पडदा आणि त्यापलीकडे अगदी जवळ हृदय असते. टोकदार तार पुढे सरकत हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. गाभण जनावरात शेवटच्या महिन्यांत गर्भाचा दाब वाढून हा धोका आणखी वाढतो.

लक्षणे : चारा व दूध अचानक कमी होणे, रवंथ मंदावणे, वारंवार पोटफुगी, कोपर बाहेर काढून उभे राहणे, उतारावरून चालताना कण्हणे. मानेखालच्या पोळीला सूज आल्यास आजार बहुधा हृदयापर्यंत गेलेला असतो.

पोटफुगीवर औषध पाजले की दोन दिवस बरे वाटते, पुन्हा पोट फुगते. यात आठवडे जातात आणि शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाते. म्हणून दुसऱ्यांदा पोट फुगताच तपासणी करून घ्यावी.

सोनोग्राफीत काय दिसते? छातीच्या खालच्या भागावरील केस काढून, जेल लावून यंत्राचा प्रोब फिरवतात. मोठ्या जनावरासाठी साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. ध्वनिलहरी परतून पडद्यावर चित्र उमटते. किरणोत्सर्ग नसल्याने गाभण जनावरालाही ही तपासणी चालते. निरोगी जाळीपोट साधारण मिनिटाला एकदा आकुंचन पावते. तार रुतली असल्यास हे आकुंचन मंदावते. जाळीपोटाभोवतीचा चिकटा, पूची गाठ किंवा हृदयाभोवती साठलेले पाणीही दिसते. म्हशींमध्ये आढळणारा पडद्याचा हर्निया, म्हणजे पडदा फाटून जाळीपोट छातीत शिरणे, हाही ओळखता येतो. दोन्ही आजारांत पोट वारंवार फुगते, पण उपचार वेगळे आहेत.

मर्यादा : वायूतून ध्वनिलहरी जात नाहीत आणि तार स्वतः बहुतेक वेळा दिसत नाही. तिची जागा पाहण्यासाठी एक्स-रे लागतो. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत.

उपचार : हृदयापर्यंत इजा पोहोचण्यापूर्वी कोठीपोट उघडून तार काढता येते. हृदयाभोवती पू झाल्यावर जनावर वाचण्याची आशा फार थोडी राहते. स्थानिक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. जाताना आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी व गाभण काळाची माहिती सोबत ठेवावी.

प्रतिबंध :
१) मांडव बांधताना तारेचे तुकडे डब्यात गोळा करावेत.
२) गोठ्याजवळ खिळे, सुया टाकू नयेत.
३) कुट्टीच्या यंत्राजवळ लोहचुंबक ठेवावे.
४) पशुवैद्यकाकडून जनावरास लोहचुंबक गिळवण्याबाबत सल्ला घ्यावा.

तारेचा एक तुकडा उचलण्यास क्षण लागतो. तो न उचलल्यास दुभते जनावर गमावण्याची वेळ येते.